पदराच्या टोकाची गाठ

मत्सर करायचा तर माणसानं आपल्या तोलामोलाच्या माणसाचा करावा, म्हणजे निदान सांगताना लाज वाटत नाही. मी जिचा मत्सर केला ती आमच्या गावची भाजीवाली होती. मी बी.ए., बी.एड., मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, ती अंगठेबहाद्दर. माझ्याकडे मनगटी घड्याळ होतं, शाईचं पेन होतं, इस्त्रीची पातळं होती. तिच्याकडे एक गोणपाट होतं. आणि तरीही आमच्या टिनाच्या कलामंदिरात लोक माना वळवून बघायचे ते तिच्याकडे.

तिला सगळे मावशी म्हणत. वकीलसाहेब म्हणत आणि वकीलसाहेबांची ऐंशीला टेकलेली आईही म्हणे. माहेर आसेगावचं, मळा गावाबाहेर नाल्याकाठी. वांगी, मिरच्या, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण आमच्याकडे सांबाराला कोथिंबीर म्हणणारा माणूस पुण्याहून बदलून आला असं समजतात. डोक्यावर टोपली, कमरेला चंची, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडची बाई हातातलं काम टाकून ताटली घेऊन बाहेर यायची.

तेव्हा वाशीमचा जिल्हा व्हायचा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावातल्या हौशी मंडळींनी बाजाराच्या मागे कलामंदिर उभं केलं होतं, पण मोठ्या नाटक कंपन्या आमच्या टिनाखाली यायला तयार नसत. म्हणून कार्यवाह वकीलसाहेबांनी तोड काढली. नाटक गावात येत नाही तर गावानं नाटकाकडे जायचं. जे देणगीदार असतील त्यांना वर्षातून एकदा खास ठरवलेल्या एस.टी.नं अमरावतीला न्यायचं, दुपारचा प्रयोग दाखवायचा आणि परत आणायचं. याला ते कलायात्रा म्हणत. मग आठेक दिवसांनी देणगीदारांचा स्नेहमेळावा: रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि जेवणानंतर यात्रेचा वृत्तान्त. गाडीत जागा पन्नास, देणगीदार त्याहून कितीतरी जास्त. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्या कानांवर तरी नाटक पडावं हा हेतू.

देणगी कोणत्याही रूपात चालेल, असं वकीलसाहेबांनी पहिल्याच सभेत जाहीर केलं आणि तिथेच फसले. कारण दुसऱ्या दिवशी मावशी त्यांच्या ओसरीत टोपली उतरवून म्हणाली, "मेळाव्याची सारी भाजी माही. लिवा माहं नाव." लिहावं लागलं. दुष्काळाच्या वर्षी मळ्यात हिरवं पान नव्हतं तेव्हाही ती वाळवलेली अंबाडी घेऊन आली होती. त्या वर्षी ना यात्रा निघाली ना मेळावा झाला, पण मावशीनं अंबाडी ठेवून घ्यायला लावली. देणगीत खंड पडला तर गाडीतली जागा जाईल अशी तिला धास्ती होती.

माझी जागा माझी नव्हती. ती बाबांची. बाबा तहसील कचेरीत कारकून आणि गावातले जुने हौशी नट. कधी शिपाई, कधी निरोप्या, एकदा राजाचा भाऊ. त्यांनी आपली रंगपेटी कलामंदिराला दिली होती, म्हणून ते देणगीदार. पण पहिली यात्रा निघायच्या आधीच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ते बाजेला खिळले. "माह्या जागेवर पोरगी जाईन," असं त्यांनीच वकीलसाहेबांना सांगितलं. मी जाऊ लागले ती त्यांचे डोळे होऊन. निदान माझी समजूत तशी होती.

मी वही घेऊन जायची. नेपथ्य, प्रकाशयोजना, अभिनय, सगळं कलमवार. अंधारात लिहायची सवय केली होती. मावशी माझ्याच रांगेत असायची. नाट्यगृहातल्या गादीच्या खुर्चीवर आधी ती आपलं गोणपाट पसरायची आणि मग बसायची. अमरावतीची माणसं बघत राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा न राहवून म्हटलं, "मावशी, इथे कशाला ते?"

"गादीवर झोप लागते वं बाई. गोणपाट टोचते, मानूस जागा राह्यते."

आणि जागी राहून ती करायची काय, तर पडदा पडायला थोडा वेळ असताना, ऐन रंगात आलेल्या प्रवेशात, गोणपाट गुंडाळून उठायची. सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर. दर वर्षी. शेवट म्हणून तिनं कधी पाहिला नाही. मी मनात म्हणायची, बरोबरच आहे, हिला काय कळतंय नाटकातलं.

तिची खरी तऱ्हा मात्र वेगळीच होती. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात भाजी विकता विकता ती मागण्या घ्यायची. "मी जाऊन राह्यली अमरावतीले. तुमाले काय पाहून आनू?" भाजीची मागणी घेतात तशीच. शिंपी म्हणायचा, नटाच्या कोटाला काजं किती आणि हाताची की मशीनची, ते बघ. मिठाईवाला म्हणायचा, स्टेजवर खातात ते खरं असतं का खोटं. वकीलसाहेबांच्या आईला एवढंच हवं असायचं की नाटकातली सून सासूला उलटून बोलली का. प्रत्येक मागणीला मावशी पदराला एक गाठ मारायची. गाडीत चढताना तिचा पदर गाठींनी वाळूक लटकल्यासारखा जड झालेला असायचा. परत आली की दारोदार फिरून, भाजी मोजून देता देता, ज्याची त्याची गाठ सोडायची. कुणाची कोणती हे कसं ओळखायची ते देवाला ठाऊक. एकदाही चुकली नाही.

"आनं तू काय पायलं?" असं तिला कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही नाही.

मेळाव्यात वृत्तान्त वाचायचा मान माझा. "दिग्दर्शन संयत होते, प्रकाशयोजना सूचक होती," असं मी वाचत असायची आणि समोर लोक दातांत अडकलेलं वांग्याचं देठ काढत असायचे. वाचून झालं की दोन-चार टाळ्या. मग मागून कुणीतरी ओरडायचंच, "आता मावशी, तुमी सांगा." मावशी पत्रावळी उचलता उचलता थांबायची, आणि उभ्या उभ्या, एका हातात खरकटं धरून, सगळं नाटक सांगायची. तिच्या तोंडून राजे वऱ्हाडी बोलायचे. विलायतेहून आलेला डॉक्टर "काहून वं, काय दुखून राह्यलं?" म्हणायचा. लोक हसून लोळायचे, आणि पुढच्याच क्षणी बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी वही मिटून मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावून बसायची, म्हणजे माझं तोंड कुणाला दिसू नये.

हेही मी सोसलं असतं. गावच ते. पण घरी?

यात्रेहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या बाजेशी बसून वही वाचून दाखवायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "चांगलं लिवलं." बस. पोटच्या पोरीला लिहिता येतं हे तपासून घेतल्यासारखं. मग मावशी यायची. उंबऱ्यावर टेकायची. आमच्या घरची गाठ पदराच्या अगदी टोकाला असायची, सगळ्यांत मोठी. तिला हात घातला की बाबा म्हणायचे, "पोरी, चहा टाक बरं मावशीले." दर वर्षी. मी आत चुलीशी चहाचं पाणी बघत उभी, आणि बाहेरून बाबांचं हसू. वारं गेल्यापासून त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. हसणं त्यांना जड जायचं. तरी हसायचे. एकदा तर ते रडतायत असं वाटून मी धावत बाहेर आले, तर दोघंही गप्प झाली. चोरी पकडल्यासारखी.

त्या चहात मीठ टाकावं असं मला कितीदा वाटलं आहे. टाकलं नाही, कारण बाबांनाही तोच प्यायचा होता.

शेवटी एका मेळाव्यात माझा बांध फुटला. त्या वर्षीच्या नाटकात एक म्हातारा बाप होता आणि भांडून घर सोडून गेलेला मुलगा. शेवटी पाऊस लागतो, बाप छत्री घेऊन फाटकाशी उभा राहतो, आणि मुलगा येत नाही. तसाच पडदा पडतो. मला ते फार लागलं होतं. माझ्या वृत्तान्तात त्यावर सबंध पान होतं आणि ते वाचताना मागे कुणीतरी वरण वाढून मागितलं.

मग मावशी उठली. तिच्या नाटकात मुलगा आला. भिजून चिंब. "फाटकात आला आनं बापाले म्हंते कसा, बाबा, छत्री कायले आनली, मी तं भिजलोच. बाप काई बोल्ला नाई. त्यानं छत्री बंद केली, तोई भिजला. मंग दोघं अंदर गेले आनं पोरगा म्हने, काय जेवाले हाय?"

सगळं कलामंदिर हसलं आणि डोळे पुसू लागलं. मी उभी राहिले.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. आवाज वर्गातला होता. "मुलगा येत नाही. मावशी शेवटाला बाहेर निघून गेल्या होत्या. दर वर्षी जातात. त्यांनी एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नाही."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझ्या समोरच्या पंगतीत शिंपी बसला होता. त्यानं विचारलं, "म्हंजे, पोरगा आलाच नाई?"

"नाही."

शिंप्यानं हातातला रोडगा पत्रावळीवर ठेवला. त्याचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी भांडून सुरतेला निघून गेला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही. तो उठला, हात धुतले आणि जेवण अर्धं टाकून गेला.

"मास्तरीनबाई खरं सांगते," मावशी म्हणाली. "मी बाहीर गेलती. मले नाई मालूम."

"नाटक सोडून कुठं जाता तुमी?" कुणीतरी विचारलं.

"पाय मोकळे कराले," ती म्हणाली, आणि पत्रावळी उचलू लागली.

मी जिंकून घरी आले. वाटेत मला अगदी हलकं वाटत होतं. बाबांना सगळं सांगितलं, तिखटमीठ लावूनच सांगितलं. मी शाळेतली मराठी घरीही बोलत असे. बाबांना त्याचं हसू यायचं. त्या दिवशी हसले नाहीत.

"पाय मोकळे कराले नाई जात ते," ते म्हणाले. "मी धाडतो तिले. पडद्यामांगं."

मला काही कळेना.

"समोरचं नाटक सगळ्यायलेच दिसते, पोरी. मले मांगचं पायजे असते. शेवटचा परवेश सुरू असतानी मांगं काय चालते, कोन मिशी काढून राह्यलं, कोन चा पिऊन राह्यलं, रंग पुसाले खोबऱ्याचं तेल घेते का दुसरं काई. माहं सारं आयुष्य तिथं गेलं. पुढं मी कितीक आलो? दोन वाक्यं, आनं परत अंदर. पडदा पडल्यावर जाऊन काय फायदा? सारी धावपळ होते. पडायच्या आधीच जा लागते."

माझी शाळेतली मराठी त्या क्षणी गळून पडली. "मंग मले काहून नाही सांगितलं? तुमच्या जागेवर मी जात होती. मी गेली असती!"

"सांगनार होतो. पयल्या वर्षीच. मावशी म्हने, पोरीले बसू द्या. पायनाऱ्याले मधातून उठवू नोका. मले काय, मी जातो." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आनं खरं हाय ते. तुले नाटक पायतानी मी पायलं हाय लहानपनी. तोंड उघडं टाकून पायत होतीस. तुले कसं उठवू?"

म्हणजे माझ्या वहीतला प्रत्येक शेवट मला मावशीनं दिलेला होता. हे कळल्यावर माणसाचा मत्सर जायला हवा. माझा गेला नाही. उलट वाढला. चांगुलपणातही ती माझ्या पुढे निघाली होती.

तीन दिवस मी शाळेतून सरळ घरी आले. चौथ्या दिवशी मळ्यात गेले. मावशी वांग्याला पाणी देत होती. मला बघून म्हणाली, "आली का? चपला काढ आनं ते पानी पल्याडच्या सरीत वळव." मी पातळ खोचून, फावडं घेऊन, पाणी वळवलं. नीट वळलं नाही. तिनं येऊन पायानं माती सारली आणि ते वळलं.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुहं काई चुकलं नाई. तू पायलं ते सांगतलं." ती वाकून पानांखालची वांगी चाचपत होती. "माह्या शेवटानं त्या शिंप्याले जेवन गेलं असतं. तुह्यानं नाई गेलं. बस, एवढंच."

तिनं माझ्या ओंजळीत चार वांगी टाकली. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मी मागे जाते. तुम्ही बसायचं. पडदा पडेपर्यंत."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मावशी लाजली. तिला लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या वर्षीचं नाटक दोन बहिणींचं होतं. कित्येक वर्षांचा अबोला. शेवटच्या अंकात धाकटी थोरलीच्या दाराशी येऊन उभी राहते आणि कडी वाजवते. कडीचा पहिला आवाज झाला आणि मी उठले. सांगते, इतकं जड पाऊल मी आयुष्यात उचललेलं नाही. पायऱ्यांवरून मागे पाहिलं तर मावशी गोणपाटावर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

मागच्या दारानं आत गेले. दुसऱ्या अंकात मेलेला माणूस स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होता. अर्धी मिशी निघाली होती, अर्धी शिल्लक होती. दोर धरून उभा असलेला पडदेवाला जांभया देत होता. एक बाई कापसावर तेल घेऊन गाल पुसत होती. मी कापूस हुंगून बघितला. खोबऱ्याचंच. स्टेजवरून एक शब्द ऐकू येत नव्हता. मग बाहेर सगळं चिडीचूप झालं, खूप वेळ, आणि मग टाळ्या. काय झालं ते मला कळलं नाही.

अर्धी मिशीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही वाशीमच्या का? मग मावशी कुठे आहेत? बऱ्या आहेत ना? दर वर्षी पेरू आणतात आमच्यासाठी."

तिथेही! पडद्यामागच्या अंधारातसुद्धा मला कुणी माझ्यासाठी ओळखलं नाही.

परतीच्या गाडीत मावशीचे डोळे लाल होते. गोणपाटाची घडी मांडीवर. "काय झालं शेवटी?" मी विचारलं.

"घरी सांगतो."

शेलूबाजारला गाडी चहाला थांबली. मावशी एरवी तिथे उतरून आसेगावच्या ओळखीच्या माणसांशी अख्खी पंचायत भरवायची. त्या दिवशी उतरली नाही. मी खिडकीतून चहा दिला तर तोही हातात धरून गार केला.

सकाळी मी वहीशिवाय बाबांशी बसले. मिशी सांगितली, बशी सांगितली, जांभया सांगितल्या. "तेल?" त्यांनी विचारलं. "खोबऱ्याचं," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि चालत्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं. किती वेळ धरलं! इतक्या वर्षांत माझं सांगणं त्यांना पहिल्यांदा पोचलं होतं. मला वाटलं, झालं, आता मावशीची गरज नाही या घरात.

बाबांनी डोळे उघडले. "बरं," ते म्हणाले, "मावशी कवा येते? शेवट राह्यला ना."

मावशी आली. उंबऱ्यावर बसली. मी सवयीनं आत जायला निघाले तर म्हणाली, "बस वं. या टायमाची टोकाची गाठ तुही हाय." मी बसले. तिनं गाठ सोडली. घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली.

"दार उघडलं," ती म्हणाली. "थोरलीनं दार उघडलं आनं धाकटीकडं पायतच राह्यली. मंग म्हने कशी, पाय धू आनं अंदर ये, भाकर टाकून राह्यली मी. तव्यावरची जळून जाईन."

बाबा हसले. त्या ओढलेल्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मी मावशीच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते अजून लालच होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, पदराची चुरगळलेली टोकं मांडीवर सरळ करत होती. मी उठून चहा टाकला.

बाबा त्याच उन्हाळ्यात गेले. मावशी त्यानंतर बरीच वर्षं होती. तिचा हेवा मला अजून वाटतो. हे लिहितानाही वाटला. त्या दोन बहिणींच्या नाटकाचं पुस्तक पुढे आमच्या शाळेच्या कपाटात आलं. नोंद मीच केली, आणि ते कपाट निवृत्त होईपर्यंत माझ्याच ताब्यात होतं. शेवटचं पान मी उघडलं नाही. दार उघडलं होतं, असं मावशीनं सांगितलं आहे.